दुखणं अंगावर काढणारी बर्फी

गेल्या आठवड्याच्या टपालात डोंबिवलीच्या एका भगिनींचं पत्र होतं. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तर तिला पामेरियन घेऊन देऊ, असं त्यांच्या यजमानांनी कबूल करून ठेवलं होतं. मुलगी पास झाली. आता त्या विचारतात, ‘ताई, हे कुत्रं स्वभावाने कसं असतं? त्याचं फार करावं लागतं का? मादी घ्यावी की नर?’ आणि पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या खाली, बारीक अक्षरात लिहिलंय, ‘विचारते अशासाठी की करणार मीच आहे.’

ते खालचं वाक्य वाचलं आणि ठरवलं की या आठवड्यात दुसरं काही लिहायचं नाही. कारण आमच्या साकीनाक्याच्या घरात दहा वर्षांपूर्वी अगदी अस्संच झालं होतं. हट्ट मुलाचा, कबुली ह्यांची, आणि करणारी मी.

आमची बर्फी आली तेव्हा माझ्या दोन्ही तळहातांत मावत होती. ज्याच्याकडून घेतली तो म्हणाला होता, “बाई, हे एवढंच राहणार. पर्समध्ये घालून फिरवा.” आज तिचं वजन साडेसहा किलो आहे आणि माझ्याकडे एवढी मोठी पर्स नाही. फसवलं म्हणावं, तर पुरतं फसवलंही नाही. आपल्याकडे ज्याला सर्रास पामेरियन म्हणतात, ते बहुतेक वेळा पामेरियन नसतंच. ते असतं इंडियन स्पिट्झ. दोघांचं मूळ एकच. स्पिट्झ या जर्मन शब्दाचा अर्थ टोकदार. टोकदार तोंड, टोकदार उभे कान आणि पाठीवर वळलेलं झुबकेदार शेपूट ही या सगळ्या कुळाची खूण. पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा प्रदेश. आज त्याचा थोडा भाग जर्मनीत आणि बराचसा पोलंडमध्ये आहे. तिथल्या नावाने ओळखली जाणारी ही कुत्री आधी चांगली मोठी असत. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली इटलीतल्या फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा एक छोटा पामेरियन आणला आणि मग विलायतेत लहान चणीच्या कुत्र्यांची टूम निघाली. १९०१ साली राणी अंथरुणाला खिळली, तेव्हा तुरी नावाचं तिचं लाडकं पामेरियन तिच्या पलंगावर आणून ठेवलं होतं म्हणतात. राणी असो की साकीनाक्याची गृहिणी, या जातीला पलंगावर घेतल्याशिवाय चैन पडत नाही, न तिला न आपल्याला!

आता खरा पामेरियन भरतो जेमतेम दोन ते साडेतीन किलो. त्याचं तोंड आखूड असतं आणि केस इतके फुललेले की चेंडूला डोळे लावल्यासारखा दिसतो. इंग्रजांबरोबर इथे आलेल्या स्पिट्झची पुढे आपल्या हवेत वाढलेली प्रजा म्हणजे इंडियन स्पिट्झ. यातली लहान चणीची पाच ते सात किलोंपर्यंत असतात, आणि मोठ्या चणीची बारा किलोंच्या पुढे. तोंड कोल्ह्यासारखं जरा लांबट, केस थोडे कमी, रंग बहुधा पांढराशुभ्र. नाक, ओठ आणि डोळ्यांच्या कडा मात्र काजळ घातल्यासारख्या काळ्या हव्यात. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मधला टफी आठवतो ना? तो स्पिट्झच. तो सिनेमा लागला तेव्हा आमच्या माहेरच्या आळीत एकाएकी चार टफी झाले होते. त्यांतले दोन वर्षभरात कुणाच्या तरी गावी ‘मोकळ्या हवेत’ गेले, हे मला आजही विसरता येत नाही. तेव्हा डोंबिवलीच्या ताई, कुणी पामेरियन म्हणून स्पिट्झ दिलं तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्या उकाड्यात, आपल्या दोन खोल्यांत, नाजूक पामेरियनपेक्षा तेच जास्त टिकतं. फक्त पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडून आणू नका. २०१७ सालापासून तसा सरकारी नियमच आहे, आणि आमची बर्फी पाच आठवड्यांची आणल्यामुळे तिने पहिले पंधरा दिवस रात्रभर जे रडून काढलं, ते ऐकल्यावर त्या नियमाचं कारण कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही. जमलं तर पिल्लाची आई डोळ्यांनी पाहा. आई स्वभावाने शांत, अंगाने स्वच्छ असली तर निम्मं काम झालं. आणि पिल्लू चार-सहा महिन्यांचं झालं की त्याचे मऊ केस झडून ते अगदी उंदरासारखं दिसू लागतं, तेव्हा घाबरू नका. मोठेपणीचा केसांचा दुहेरी थर यायच्या आधी असं होतंच.

स्वभावाचं म्हणाल तर हे कुत्रं हुशार, चपळ, आणि भयंकर बोलकं. बेल वाजायच्या आधी, लिफ्टचं दार उघडलं की बर्फीला कळतं कोण आलं. दूधवाल्याला तिने दहा वर्षांत एकदाही माफ केलेलं नाही. आमच्या घरावरून दिवसभर विमानं जातात, इतकी खाली की चाकं दिसावीत, त्यांचं तिला काही नाही. मात्र खालच्या गाळ्यात पत्रा पडला की ती वीस मिनिटं भाषण करते. सुरुवातीला मी तिच्यावर ओरडायची. मग लक्षात आलं, मी ओरडले की तिला वाटतं, चला, घरातल्या मोठ्या बाईसुद्धा भुंकायला लागल्या! तेव्हा ओरडू नये. बेल वाजली की तिला हाक मारून सतरंजीवर बसवावं आणि गप्प राहिली की लगेच चण्याएवढा पनीरचा तुकडा द्यावा. लहानपणी महिनाभर हे नेटाने केलं तर पुढचे शेजारी दुखावत नाहीत. आम्ही ते दोन वर्षं उशिरा केलं, म्हणून आमच्या समोरच्या वहिनी अजून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जरा घुश्श्यातच येतात.

या जातीचा जीव एका माणसावर जडतो. ते माणूस कोण, हे हट्ट करणारा ठरवत नाही, बक्षीस देणारा तर नाहीच. जो सकाळी उठून आधी पाणी ठेवतो, तो. म्हणजे आपणच. मी माहेरी चार दिवस गेले तर बर्फी दाराशी माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपते असं हे सांगतात. ऐकायला गोड आहे, पण याची दुसरी बाजू अशी की हे कुत्रं दिवसभर कुलूपबंद घरात एकटं ठेवता येत नाही. रडतं, दार ओरबाडतं, स्वतःचे पाय चाटून चाटून लाल करतं. घरात सगळेच नोकरीला जाणार असतील, मागे सासूबाई किंवा कुणी नसेल, तर मुलीला दुसरं काहीतरी घेऊन द्या. तसंच घरात रांगतं मूल असेल तर दोघांना एकत्र एकटं सोडू नये. कुत्रं वाईट नसतं, पण अंगाने लहान असल्यामुळे त्याला शेपटी ओढली की भीती लवकर वाटते, आणि भ्यालं की ते चावतं. आणि चावलंच, अगदी घरचं लसवालं कुत्रं असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचं. हळद, चुना, तिखट लावत बसायचं नाही.

पांढऱ्या केसांची निगा हे एक प्रकरणच आहे. साकीनाक्याची धूळ तुम्ही पाहिली असेल. अंधेरी-कुर्ला रस्ता, खैरानी रोडवरचे गाळे, टेम्पो, त्यात २०१४ साली मेट्रो सुरू होईपर्यंत चाललेलं तिचं बांधकाम. आता खांबांखालून चाललो की निदान सावली मिळते. पण पांढरं कुत्रं सकाळी खाली नेलं की वर येताना करडं होऊनच येतं. म्हणून रोज आंघोळ घालावीशी वाटते, तो मोह आवरा. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरे, आणि तीही कुत्र्यांच्या शाम्पूने. आपला शाम्पू त्यांच्या कातडीला सोसत नाही. रोज करायचं ते हे की बाहेरून आल्यावर ओल्या फडक्याने पंजे आणि पोट पुसायचं, आणि एक दिवसाआड मुळापासून केस विंचरायचे. वरवर फणी फिरवली तर वरून कापूस दिसतो आणि आत गाठी बसतात. पावसाळ्यात तर केस मुळाशी ओले राहिले की बुरशी धरते, खाज सुटते, वास येतो. एक जुना पंचा फक्त तिच्या नावाचा ठेवा. उन्हाळ्यात अंगावरचे सगळे केस काढून टाकायचा सल्ला पुष्कळजण देतात, पण ऐकू नका. हा दुहेरी थर उन्हापासूनही राखतो. तो एकदा तासडला की कधी कधी नीट परत येतच नाही. त्यापेक्षा फिरायला सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर न्या. रस्ता पोळतोय का ते आपला तळहात पाच सेकंद टेकवून पाहा. आपल्याला टेकवत नसेल तर तिच्या पंजांनाही टेकवत नाही.

विंचरताना हात बोलतात, हे आपल्याला पोरींच्या वेण्या घालून ठाऊक आहे. कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात मसुराएवढं काही लागलं तर ते गोचीड समजा. गोचिडांमुळे येणारा ताप मुंबईत बारा महिने असतो. कुत्रं मलूल होतं, खात नाही, हिरड्या फिकट पडतात, कधी नाकातून रक्त येतं. रॉकेल ओतू नका, गुरांची पावडर फासू नका. चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढून काढा आणि डॉक्टरांकडून महिन्याचं औषध लावून घ्या. अंग गरम लागलं म्हणून आपल्या डब्यातली क्रोसिन तर मुळीच देऊ नका. तापावरच्या आणि दुखण्यावरच्या आपल्या साध्या गोळ्यांनी कुत्री दगावतात. शिवाय त्यांचं नेहमीचं अंगच १०१ ते १०२.५ डिग्री असतं. आपला हात त्याला ताप म्हणतो. लसी वेळेवर द्या, रेबीजची तर न चुकता. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोचीही लस असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी घराघरात शिरली. ते साचलेलं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना पावसात कुत्र्याला डबक्यातून का नेऊ नये ते सांगायला नको.

चालताना गळ्यातला पट्टा ओढू नये. या लहान जातींची श्वासनलिका नाजूक असते. ओढाताण झाली की बदकासारखा ‘हाँक हाँक’ खोकला लागतो. छातीवरून येणारा पट्टा घ्या. गुडघ्याची वाटीही सरकते. चालता चालता एक पाय वर धरून तीन पायांवर उड्या मारायला लागली तर ते नखरे नव्हेत. गुळगुळीत फरशीवर जुनी सतरंजी टाका आणि पलंगाशी एक पाट ठेवा, म्हणजे उडी मारायला नको. दात हाही या जातीचा कच्चा दुवा. पिवळं किटण साचतं, तोंडाला वास येतो. कुत्र्यांची वेगळी पेस्ट मिळते ती घ्या, आपली नको.

खाण्याबाबत आपणच जास्त गुन्हेगार. ‘तिला आमचाच वरणभात लागतो’ असं कौतुकाने सांगतो ना? कांदा-लसणाची फोडणी कुत्र्याच्या रक्ताला बाधते. चॉकलेट विषच. आणि सत्यनारायणाचा शिरा! त्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे मला पाच वर्षं माहीत नव्हतं, आणि पाच वर्षं बर्फीने प्रसाद खाल्ला. देवाची कृपा, दुसरं काय. तिच्यासाठी फोडणीआधीचं काढून ठेवावं. उकडलेलं अंडं, शिजवलेला लाल भोपळा, थोडा भात, खात असाल तर हाडाशिवाय चिकन. नुसत्या दूध-पोळीवर कुत्रं जगतं, धड मात्र राहत नाही. घरी मांसाहार नसेल तर काय काय द्यावं ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून आणा. आणि मारी बिस्किटांची संख्या नातवंडांच्या हाती ठेवू नका.

सोसायटीचं दोन वाक्यांत सांगते. महापालिकेचा परवाना काढा, तो सक्तीचा आहे, त्याला रेबीजच्या लशीचा दाखला लागतो. सोसायटीने ठराव करून कुत्रं पाळायलाच बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं पशुकल्याण मंडळाने २०१५ सालच्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. पण परिपत्रक दाखवण्यापेक्षा आपल्या कुत्र्याची घाण आपण उचलली की भांडण होत नाही, हा माझा अनुभव.

आता तुमचा तिसरा प्रश्न, मादी घ्यावी की नर. ह्याचं उत्तर मी लांबवत आले, कारण ते देताना मला अजून कानकोंडं होतं.

बर्फी वर्षाची झाली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, पिल्लं नको असतील तर हिचं गर्भाशय काढून टाकायचं ऑपरेशन करून घ्या. मी घरी येऊन सांगितलं. मुलगा रडला. हे म्हणाले, बघू पुढे. सासूबाई म्हणाल्या, “अगं, मुकं असलं तरी बाईचीच जात ना ती? एकदा तरी तिची कूस उजवू दे.” मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, पटलंच. मग पिल्लं कुणाला द्यायची, नर कुठला आणायचा, यात वर्षं गेली. दर सहा-सात महिन्यांनी ती माजावर यायची, तीन आठवडे आम्ही तिला लंगोट बांधायचो, रस्त्यावरचे नर जिन्यात बसायचे, आणि तेवढं संपलं की विषय संपायचा. इथे एक सांगते. कुत्रीचं ते रक्त म्हणजे आपली पाळी नव्हे. आपल्याला रक्त येतं म्हणजे महिन्याचं आवरलं. तिच्या बाबतीत उलट, ती सुरुवात असते. त्यानंतरचे दोन महिने, पिल्लं राहोत न राहोत, तिचं शरीर गरोदर असल्यासारखंच वागतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. हे दरवेळी होऊन होऊन ती वयाने वाढली की त्या अस्तरात जंतू घर करतात आणि पिशवीत पू भरतो. पायोमेट्रा म्हणतात त्याला.

तीन वर्षांपूर्वी, बर्फी सात वर्षांची असताना, ऐन गणपतीत माजावर आली. पाहुण्यांची गर्दी, तिला आतल्या खोलीत ठेवली. पुढे नवरात्र गेलं. दिवाळीच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की तिचं पाण्याचं भांडं मी दिवसातून चार वेळा भरते आहे. ऑक्टोबरचा उकाडा, म्हटलं पीत असेल. रात्री दोनदा तिला खाली न्यावं लागलं. म्हटलं, पाणी जास्त प्यायली तर होणारच. चकल्या तळत होते तर ती स्वयंपाकघराच्या दाराशीसुद्धा आली नाही. एरवी तेल तापलं की माझ्या पायात घुटमळणारी ती! म्हटलं, फटाक्यांना भ्यायली असेल. मी तिला जिऱ्याचं पाणी दिलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं, आणि प्रत्येक कारण खरं वाटण्यासारखं होतं.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानाच्या गडबडीत सासूबाईंनी हाक मारली. त्या तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखतात, एरवी त्या खाली बसत नाहीत. “हिचं शेपूट उचलून बघ,” म्हणाल्या. पांढऱ्या लोकरीत मागच्या बाजूला पिवळट-तांबूस, वासाचं काहीतरी चिकटलं होतं. स्वतःचं सगळं चाटून पुसून ठेवायची तिची सवय, म्हणून आम्हाला चार दिवस दिसलं नव्हतं. हिरडी दाबून पाहिली तर पांढरी पडली आणि पांढरीच राहिली.

सणाचा दिवस. नेहमीचा दवाखाना बंद. एका टॅक्सीवाल्याने कुत्रं पाहून काच वर केली. शेवटी रिक्षा मिळाली, आणि फोन उचलणारे एक डॉक्टर मिळाले. सोनोग्राफीत त्यांनी दाखवलं, एरवी पेन्सिलीएवढी असते ती पिशवी फुगून आतड्यांवर दाबून बसली होती. म्हणाले, “निदान हिचं तोंड उघडं आहे, पू बाहेर येतोय म्हणून तुम्हाला कळलं. तोंड मिटलेलं असतं तर बाहेर काहीच दिसत नाही, आणि पिशवी आतल्या आत फुटते. आज नाही केलं तर उद्या करायला ती नसेल.” ह्यांनी सही केली. दोन तास आम्ही बाकावर बसून होतो. बाहेर माळ लावली होती कुणीतरी, ती संपेचना.

वाचली. टाके, सलाईन, आठ दिवस गळ्यात ते कर्ण्यासारखं. भाऊबीजेला तिने पहिल्यांदा दोन चमचे भाताची पेज घेतली. सासूबाईंनी आपल्या हाताने भरवली. मी भांडी आवरत होते, त्या तिच्याशीच बोलत होत्या, पण मला ऐकू जावं असं. “माझीसुद्धा काढली गो पिशवी. दोन वर्षं अंगावर काढलं मी. कुणाला सांगायचं, कसं सांगायचं. मी बाई असून बोलले नाही, तू तर मुकी. आणि तुला पोरं हवीत असं मी ठरवलं.”

त्यानंतर घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही. पण तेव्हापासून बर्फीचं पाण्याचं भांडं सासूबाई भरतात, आणि किती वेळा भरलं ते त्यांना पाठ असतं.

तर ताई, मादी खुशाल घ्या. नरही खोड्यांत कमी नसतो. वयात आला की पलंगाच्या पायांवर सही करत फिरतो, आणि त्याचंही ऑपरेशन केलेलं बरं. मादी घेतलीत तर मात्र साधारण सहा महिने ते वर्षाच्या आत डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवा. लवकर केलं तर स्तनांत गाठी होण्याचा धोकाही घटतो. ‘एक बाळंतपण झालं की तब्येत सुधारते’ हे आपण ऐकत आलो, त्यात तथ्य नाही. माज टाळायची किंवा नको असलेली गाठ पडल्यावरची इंजेक्शनं आडवाटेने कुणी देऊ करेल, तीही घेऊ नका. त्यांनीच हे दुखणं ओढवतं. खर्च परवडत नसेल तर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे, एकोणिसाव्या शतकापासूनचं. तिथल्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आपल्याकडून जायचं तर एक अडचण, रिक्षा शीवपुढे जात नाही. तिथे टॅक्सी करावी लागते. सोबत एक जुनी चादर घ्या. ती आधी दाखवली की टॅक्सीवाले सीट खराब होणार म्हणून कुरकुरत नाहीत.

ठाण्याच्या एका वाचक भगिनींनीही मागे विचारलं होतं की त्यांची कुत्री नऊ वर्षांची आहे, ऑपरेशन केलेलं नाही, आता उशीर झाला का? नाही झाला. रक्त तपासून, हृदय ऐकून, माज संपून दोन-तीन महिने गेल्यावर या वयातही करतात. तोवर एक करा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर आपण दुधाचे खाडे, गॅसचा नंबर आणि आपल्या तारखा मांडतो ना, तिथेच तिचा माजाचा पहिला दिवस लाल पेनाने मांडा आणि तिथून बारा आठवडे मोजून दुसरी खूण करा. मधल्या काळात पाणी जास्त प्यायली, खाणं सोडलं, उलटी झाली, पोट टणक लागलं किंवा शेपटीखाली ओल दिसली, यातलं एक जरी झालं तरी दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. सणवार असला तरी. सुट्टीच्या दिवशी कुठला दवाखाना उघडा असतो तो फोन नंबर आजच काढून त्याच पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.